त्वचेला शांतवणारा साबण घरी करताना: आधी वजनकाटा, मग वनस्पती

घरी साबण करायचा म्हटलं की बहुतेकांचं लक्ष आधी ओट्स, कोरफड, मध आणि वाळलेल्या पाकळ्यांकडे जातं. पण अंघोळीनंतर अंग मऊ राहतं की ओढल्यासारखं होतं, हे त्या चमचाभर ओट्सवर फारसं ठरत नाही. तेलं कोणती घेतली, कॉस्टिक सोडा किती घातला आणि वड्या किती आठवडे वाळू दिल्या, यावर ते ठरतं. प्रमाण चुकलेल्या साबणात कितीही कोरफड घाला, तो चरचरणारच. म्हणून या लेखात वनस्पती जरा उशिरा येतील.

साबणाकडून अपेक्षा किती ठेवायची, हेही आधीच ठरवलेलं बरं. साबण अंगावर जेमतेम मिनिटभर राहतो आणि धुऊन जातो. तो मलम नाही. निरोगी त्वचेचा सामू (pH) साधारण ४.५ ते ५.५ असतो, तर खऱ्या साबणाचा ९ ते १०. लिंबाचा रस पिळून हा सामू खाली आणता येईल असं काहींना वाटतं. तसं होत नाही. आम्ल घातलं की साबण मोडून पुन्हा मेदाम्लं (तेलातली आम्लं) मोकळी होतात आणि वडी चिकट, बिनफेसाची होते. त्यामुळे एक्झिमा, चिरा किंवा पाझरणारी त्वचा असेल तर घरच्या साबणाचे प्रयोग नकोत. तिथे त्वचारोगतज्ज्ञ सांगतील तेच वापरावं. कोरडी, लवकर खाजणारी, बाजारातल्या उग्र वासाच्या साबणांना कंटाळलेली त्वचा असेल, तर मात्र हा उद्योग करून बघण्यासारखा आहे.

तेल आणि सोडा यांचं गणित

तेलाचा प्रत्येक रेणू म्हणजे ग्लिसरीनला जोडलेली तीन मेदाम्लं. कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, ही जोडणी तोडतो. मेदाम्लांचा साबण होतो आणि ग्लिसरीन मोकळं होतं. तेलांच्या या घडणीचा उलगडा मिशेल युजेन शेवरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने केला. त्याचं त्यावरचं काम १८२३ साली प्रसिद्ध झालं. मोठ्या कारखान्यांत हे ग्लिसरीन बहुतेकदा वेगळं काढून घेतात. घरच्या साबणात ते वडीतच राहतं, आणि घरच्या साबणाच्या मऊपणाचं एक कारण तेही आहे.

प्रत्येक तेलाला सोडा वेगवेगळा लागतो. १ ग्रॅम तेलाचा पुरता साबण व्हायला खोबरेल तेलाला सुमारे ०.१८३ ग्रॅम सोडा लागतो, ऑलिव्ह तेलाला ०.१३५, शिया बटर आणि एरंडेल तेलाला प्रत्येकी साधारण ०.१२८. आपण घेणार आहोत ते ५०० ग्रॅम तेलांचं मिश्रण असं:

ऑलिव्ह तेल ३०० ग्रॅम
खोबरेल तेल १०० ग्रॅम
शिया बटर ७५ ग्रॅम
एरंडेल तेल २५ ग्रॅम

गुणाकार केला की अनुक्रमे ४०.५, १८.३, ९.६ आणि ३.२ येतात. बेरीज ७१.६ ग्रॅम. एवढा सोडा घातला तर सगळ्या तेलाचा साबण होईल आणि त्वचेसाठी काहीच उरणार नाही. म्हणून मुद्दाम सुमारे ६ टक्के सोडा कमी घालायचा: ६७ ग्रॅम. जे थोडं तेल साबण न होता वडीत राहतं त्याला सुपरफॅट म्हणतात. कोरड्या त्वचेसाठी ते ५ ते ८ टक्के ठेवतात. त्याहून फार वाढवलं तर फेस बसतो आणि वडी लवकर खवट होते.

पाणी सोड्याच्या दुप्पट, म्हणजे १३४ ग्रॅम. शक्यतो डिस्टिल्ड घ्या, कारण जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी जुळून त्याचा साका करतात.

आता हे गणित किती नाजूक आहे ते बघा. समजा खोबरेल तेल संपलंय म्हणून तुम्ही त्याऐवजी १०० ग्रॅम ऑलिव्ह तेलच घातलं आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. या नव्या मिश्रणाला एकूण सोडा लागेल ६६.८ ग्रॅम. तुम्ही घातलाय ६७. सुपरफॅट शून्यावर आलं, उलट किंचित सोडाच शिल्लक राहिला. तेल बदललं की गणित पुन्हा मांडायचं, याला अपवाद नाही. ऑनलाइन साबण कॅल्क्युलेटर भरपूर आहेत. ताळा म्हणून त्यात एकदा आकडे घालून बघा. आणि सगळं वजनाने, ग्रॅममध्ये. वाटी, कप, मिलिलिटर हे शब्द या कामात विसरायचे.

तेलांची निवडही विचारपूर्वक आहे. खोबरेल तेलात लॉरिक आम्ल जवळजवळ निम्मं असतं. त्याने भरघोस फेस येतो आणि वडी कडक होते, पण प्रमाण वाढलं की तोच साबण त्वचेचं स्वतःचं तेलही ओढून नेतो. म्हणून ते २० टक्क्यांवर थांबवलंय. ऑलिव्हमध्ये ओलेइक आम्ल जास्त. त्याचा साबण सौम्य असतो, मात्र फेस बारीक आणि जरा बुळबुळीत. शिया बटरमध्ये साबण न होणारा भाग इतर तेलांपेक्षा बराच जास्त असतो, तो त्वचेवर मऊपणा ठेवतो. एरंडेल तेल फेस टिकवतं. ते ५ टक्के पुरे, जास्त झालं तर वडी चिकट लागते.

वनस्पतींपैकी कोण टिकतं

ताज्या मिश्रणातला सोडा कुणाची गय करत नाही. जीवनसत्त्व क त्यात उरत नाही. गुलाबाच्या आणि लॅव्हेंडरच्या पाकळ्या काही दिवसांत तपकिरी, मळकट होतात. ताजी फळं आणि भाज्यांचे लगदे घालण्याचा मोह टाळा. रंग जातो, वर वास मारायची भीती.

शांतवणाऱ्या घटकांमध्ये माझं पहिलं मत ओट्सला. बारीक दळलेल्या ओट्सला, म्हणजे कोलॉइडल ओटमीलला, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ मध्ये त्वचारक्षक घटक म्हणून मान्यता दिली. ती मान्यता साबणासाठी नाही हे खरं, पण खाजऱ्या त्वचेसाठी ओट्सचं नाव उगाच घेत नाहीत. साधे, बिनसाखरेचे ओट्स मिक्सरमध्ये अगदी पिठासारखे दळायचे. दळण जमलं का, हे बघायला चिमूटभर पीठ ग्लासभर पाण्यात टाकून ढवळा. पाणी दुधाळ झालं आणि तसंच राहिलं तर बरोबर. कण लगेच तळाशी बसले तर पुन्हा फिरवा. आपल्या मिश्रणाला १० ग्रॅम पुरतात. जाड भरड ओट्सची वडी दिसते छान, पण चिडलेल्या त्वचेला ती खरवडते.

कॅलेंड्युला दुसरा. बागेत हारांसाठी लावतात तो झेंडू नव्हे. ही निराळी वनस्पती आहे, त्यामुळे पाकीट घेताना नाव वाचून घ्या. हिच्या पाकळ्या साबणातही पिवळ्या राहतात, ही तिची खासियत. पण खरा उपयोग तेलात मुरवून. पूर्ण वाळलेल्या ३० ग्रॅम पाकळ्या ३५० ग्रॅम ऑलिव्ह तेलात घाला. भांडं दुसऱ्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून मंद आचेवर दोन-तीन तास राहू द्या. तेल उकळता कामा नये. घाई नसेल तर झाकणाच्या बरणीत महिनाभर मुरवा. कापडातून गाळा आणि त्यातून नेमकं ३०० ग्रॅम मोजून घ्या. पाकळ्या बरंच तेल पिऊन टाकतात, म्हणून सुरुवातीला जास्त घेतलं. पाकळ्यांत ओल राहिली असेल तर तेल बिघडतं, एवढंच सांभाळायचं.

कोरफड घालायची तर पान कापून पंधरा-वीस मिनिटं उभं ठेवा आणि त्यातला पिवळा चीक निथळू द्या, तो त्वचेला टोचतो. मग गर काढून मिक्सरमधून फिरवून गाळायचा. हा गर १३४ ग्रॅम पाण्याच्या हिशेबातच धरावा लागतो: ९० ग्रॅम पाण्यात सोडा विरघळवा आणि ४४ ग्रॅम गर नंतर तेलात मिसळा. सोड्यावर थेट गर ओतलात तर त्यातली साखर तापून करपट वास येतो.

मधाचंही तसंच. चमचाभर मध फेस वाढवतो, पण मिश्रण इतकं तापवतो की मोल्डमध्ये मधोमध फुगून चीर पडते. मध घातला असेल तर साच्यावर पांघरूण घालू नका. केओलिन माती एक चमचा घातली तर स्पर्श रेशमी होतो. हळद पाव चमच्यापेक्षा जास्त नको, टॉवेल पिवळे होतात.

सुगंधाचं काय? संवेदनशील त्वचेसाठीच साबण करायचा असेल तर मी सुगंध टाळा असंच म्हणेन. सुगंधी द्रव्यं ही संपर्काने येणाऱ्या ॲलर्जीची एक मोठी कारणं आहेत, आणि वनस्पतीपासून काढलेली इसेन्शियल तेलं त्याला अपवाद नाहीत. दालचिनी, लवंग, पुदिना यांची तेलं तर नकोच. अगदी राहवत नसेल तर लॅव्हेंडर, तेही ५ ग्रॅमच्या आसपास. लहान बाळांसाठी काहीच नको.

सोडा हाताळताना

इथे घाई करू नका. कॉस्टिक सोडा कातडी जाळतो आणि डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे, कडेनेही डोळे झाकणारा चष्मा, पायांत बंद चपला. मुलं आणि पाळीव प्राणी दुसऱ्या खोलीत. खिडक्या उघड्या.

पाण्यात सोडा घालायचा, सोड्यावर पाणी कधीच नाही. उलटं केलं तर उष्णतेने पाणी उसळून अंगावर येतं. ॲल्युमिनियमचं भांडं, चमचा, ट्रे काहीही जवळ नको. त्याच्याशी सोड्याची क्रिया होऊन ज्वलनशील हायड्रोजन वायू निघतो. स्टेनलेस स्टील किंवा उष्णता सोसणारं पॉलिप्रोपिलीन वापरा. काचेची भांडीही टाळा, सोडा काच हळूहळू खातो आणि एखाद्या दिवशी ती तडकते. ही भांडी पुन्हा स्वयंपाकात आणायची नाहीत.

तुंबलेली मोरी मोकळी करायची पावडर म्हणून मिळणाऱ्या काही पुड्यांत सोड्याबरोबर इतर रसायनं आणि धातूचे कण असतात. त्या चालत नाहीत. पाकिटावर सोडियम हायड्रॉक्साइड आणि शुद्धता ९८ टक्क्यांच्या आसपास लिहिलेली असावी. डबा उघडा राहिला तर सोडा हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषतो, त्याचे गोळे होतात आणि जोर कमी होतो. असा सोडा मोजून घेतला तरी गणित फसतं.

अंगावर उडालाच तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा, किमान पंधरा-वीस मिनिटं, आणि भिजलेला कपडा काढून टाका. व्हिनेगर ओतू नका, सोड्याशी त्याची क्रिया होऊन उष्णता निघते. जखमेवर आणखी उष्णता कशाला? डोळ्यांत गेला तर पाण्याने सतत धूत थेट दवाखाना गाठा.

आता करायला घ्या

सगळं आधी मोजून ठेवा. तेलं एका भांड्यात, पाणी दुसऱ्यात, सोडा तिसऱ्या कोरड्या भांड्यात, ओट्सचं पीठ बाजूला, मोल्ड तयार. मोल्ड सिलिकॉनचा असेल तर काही लावावं लागत नाही. लाकडी असेल तर आत बटर पेपर. एकदा सोडा पाण्यात पडला की शोधाशोध करायला सवड मिळत नाही.

पाण्यात सोडा थोडा थोडा सोडत ढवळत राहा. भांडं लगेच तापेल, द्रावण ८०-९० अंश सेल्सियसपर्यंत जाऊ शकतं, आणि पहिली दोन मिनिटं नाकात झोंबणारी वाफ येईल. तोंड बाजूला ठेवा. गढूळ द्रावण हळूहळू नितळ होतं. ते सुरक्षित जागी निवू द्या. पाणी समजून कुणी उचलेल अशा जागी मुळीच नाही.

तोवर खोबरेल तेल आणि शिया बटर मंद आचेवर वितळवा, त्यात ऑलिव्ह आणि एरंडेल मिसळा. तेलं आणि द्रावण दोन्ही ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान आले की एकत्र करायची वेळ झाली. दोघांचं तापमान अंशाअंशाने जुळलं पाहिजे असा हट्ट नको. मात्र फार थंड झालं तर शिया बटर गोठतं आणि मिश्रण घट्ट झाल्याचा भास होतो, साबण मात्र झालेला नसतो.

द्रावण गाळणीतून तेलात बारीक धारेने ओता. हँड ब्लेंडर तिरका बुडवा, भांड्याच्या तळावर हलका आपटून आतली हवा काढा, मग सुरू करा. तीन-चार सेकंद फिरवायचा, बंद करून त्यानेच ढवळायचं, पुन्हा तीन-चार सेकंद. सलग चालवला तर बघता बघता घट्ट गोळा होतो आणि ओतता येत नाही. आधी वर दिसणारे तेलाचे पिवळे पट्टे नाहीसे होतात, रंग फिकट आणि एकसारखा होतो. मग ब्लेंडर बंद करून उचला आणि त्यावरून गळणाऱ्या धारेकडे बघा. ती धार पृष्ठभागावर पडून लगेच बुडाली तर अजून वेळ आहे. पातळ कस्टर्डसारखी तिची रेघ क्षणभर वर दिसून मग विरली, तर तो ट्रेस. इथेच थांबा.

ओट्सचं पीठ आधी चमचाभर ऑलिव्ह तेलात कालवून घेतलेलं असावं (हे तेल ३०० ग्रॅममधूनच काढून ठेवायचं), म्हणजे गुठळ्या होत नाहीत. ते आता घाला, चमच्याने ढवळा आणि मोल्डमध्ये ओता. मोल्ड ओट्यावर दोन-चारदा आपटा, बुडबुडे वर येतील. वर कॅलेंड्युलाच्या चार पाकळ्या टाकायच्या तर टाका, शोभेपुरत्या.

झाकून २४ ते ४८ तास ठेवा. मधोमध काचेसारखा गडद, पारदर्शक गोल दिसला तर घाबरू नका. साबण आतून तापला की तसं होतं आणि निवल्यावर जातं. ऑलिव्हचं प्रमाण जास्त असल्याने वडी काढायला तिसरा दिवसही लागू शकतो. बोट दाबल्यावर खड्डा पडत असेल तर थांबा. कापताना हातमोजे अजून हवेतच. भांडी धुतानाही तेच, कारण कडांना लागलेलं मिश्रण कच्चं असतं. ती दुसऱ्या दिवशी धुतली तर सोपं पडतं. तोवर त्याचा साबण झालेला असतो.

वाळवण

वड्या एकमेकींना न चिकटता जाळीवर मांडा, सावलीत, हवेशीर. चार ते सहा आठवडे. तेल आणि सोड्याची क्रिया पहिल्या एक-दोन दिवसांतच बहुतांशी आटोपते. पुढचे आठवडे पाणी उडून जाण्यासाठी आणि वडी घट्ट होण्यासाठी. न वाळलेली वडी अंघोळीत भराभर झिजते आणि अंगाला उग्र लागते. एक वडी दर आठवड्याला काट्यावर ठेवत जा. वजन घटायचं थांबलं की झालं. नुसत्या ऑलिव्हचा साबण करणारे सहा महिने, वर्षभरही थांबतात, आणि ते उगाच नाही.

वापरण्याआधी ओल्या बोटाने वडी चोळून तो फेस जिभेच्या टोकाला लावून पाहण्याची जुनी रीत आहे. नुसती साबणाची चव लागली तर ठीक. विजेसारखा झटका बसला तर मोकळा सोडा शिल्लक आहे. ही चाचणी वाळलेल्या वडीवरच करायची आणि लगेच चूळ भरायची. नंतर कोपराच्या आतल्या बाजूला फेस लावून धुऊन टाका, दोन दिवस लक्ष ठेवा, मग अंगभर.

बिघडलं तर

वर पांढरी भुकटी दिसली तर ती सोडियम कार्बोनेट. दिसायला वाईट, पण निरुपद्रवी, ओल्या फडक्याने निघते. कापताना आत पाण्याच्या थेंबांचे कप्पे निघाले, किंवा वर तेल आणि खाली चोथा असं फाटलं, तर मिश्रण नीट एकजीव झालं नव्हतं. हातमोजे घालून सगळं, सुटलेल्या पाण्यासकट, एका भांड्यात घ्या, अगदी मंद आचेवर वितळवून एकजीव करा आणि पुन्हा मोल्डमध्ये भरा. पण मुळात वजनच चुकलं होतं अशी शंका असेल तर तो साबण अंगाला लावू नका.

सोडा नकोच असेल तर

तयार सोप बेसचा, म्हणजे आधीच बनलेल्या आणि नुसत्या वितळवायच्या साबणाचा, रस्ता आहे आणि त्यात कमीपणा नाही. बेसचे तुकडे करून गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात साधारण ६० अंशांवर वितळवा, उकळू देऊ नका. ५०० ग्रॅमला एक चमचा ओट्सचं पीठ किंवा केओलिन घाला, जरा दाट होऊ द्या म्हणजे कण तळाशी बसत नाहीत, आणि ओता. तासाभरात वड्या निघतात, वाळवायला लागत नाहीत. इथे मात्र ताजी कोरफड, दूध, फळांचा रस काहीही नको. या बेसमध्ये ओल जास्त असते आणि ताज्या घटकांवर बुरशी धरते. तेलही जास्त घालू नका, फेस मरतो. दमट हवेत या वड्यांवर ग्लिसरीनचे थेंब जमतात, म्हणून त्या घट्ट गुंडाळून ठेवायच्या.

आपल्या वाळलेल्या वड्या मात्र बंद प्लॅस्टिकमध्ये नकोत. कागदात गुंडाळून, वर तारीख आणि तेलांची वजनं लिहून, थंड कोरड्या कपाटात ठेवा. न्हाणीघरात खाली पाणी निथळणारी साबणदाणी हवी, कारण जास्तीचं तेल असलेली वडी पाण्यात बसली की दोन दिवसांत लगदा होते. वर्षभरात संपवा. नारिंगी ठिपके आणि जुन्या तेलाचा वास आला तर ती वडी फरशी धुण्याकडे जाऊ द्या, आणि पुढच्या वेळी तेलाच्या बाटलीवरची तारीख बघून तेल घ्या.